अकीलाबींच्या गुलाबावरील खवले

दिग्रस गावी, कापसाच्या जिनिंगच्या मागील वस्तीत, हबीबभाई मिस्त्री यांचे दोन खोल्यांचे घर आहे. घरापुढे फरशीचा ओटा, ओट्यापुढे अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात देशी गुलाबाचे एक जुने झाड. त्या झाडाचे बूड मनगटाएवढे जाड झाले होते, आणि त्याच्या फांद्या ओट्याच्या खांबावरून वळून थेट दाराच्या चौकटीला टेकल्या होत्या. फुले फिकट गुलाबी, पाकळ्या पातळ. परंतु सुवास असा, की रस्त्याने जाणारा मनुष्य सायकलचा वेग कमी करीत असे.

हे झाड हबीबभाईंच्या पत्नी अकीलाबी यांनी लग्नाच्या वर्षी दारव्ह्याहून, आपल्या माहेरच्या अंगणातून, काडी आणून लावलेले होते. मागील उन्हाळ्यात अकीलाबी अल्लाला प्यारी झाल्या. तेव्हापासून दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी सायंकाळी, हबीबभाई झाडाची उमललेली फुले खुडत, रुमालात बांधत आणि कब्रस्तानात जाऊन पत्नीच्या कबरीवर पाकळ्या पसरत. आठवड्यातील इतर सहा दिवस त्यांना विशेष असे काही काम नव्हते. हा सातवा दिवसच त्यांच्या आयुष्याला खुंटीसारखा धरून ठेवीत होता.

येथे हेही सांगितले पाहिजे, की हबीबभाईंनी उभी हयात जिनिंगच्या यंत्रांत फिटर म्हणून घालविली होती, आणि त्या घरघरीने त्यांचा डावा कान संपूर्ण व उजवा कान अर्धा निकामी केला होता. अकीलाबींना ते ठाऊक असल्याने त्या नेहमी नवऱ्याच्या उजव्या बाजूला उभ्या राहून, किंचित वाकून बोलत. त्या गेल्यानंतर तशी वाकून बोलणारी व्यक्ती उरली नाही. लोक समोरून बोलत, हबीबभाई मान हलवीत; लोक हसले की तेही हसत. हळूहळू लोकांनी बोलणेच कमी केले. मस्जिदीत, चहाच्या टपरीवर, दळणाच्या चक्कीवर त्यांना पाहून सर्वजण हात मात्र वर करीत. मनुष्य चोहोबाजूंनी सलामांनी वेढलेला असूनही एकटा असू शकतो, हे त्यांच्याकडे पाहिल्यावर ध्यानात येत असे.

त्यांची एकुलती कन्या फरहाना अमरावतीस उर्दू शाळेत शिक्षिका होती. अब्बांनी आपल्याकडे येऊन राहावे असा तिचा आग्रह होता. घरी ती मंडळी उर्दूत बोलत. एके दिवशी फोनवर बोलणे फारच निकराला आल्यावर हबीबभाई म्हणून गेले होते, की तुझ्या अम्मीचे झाड अंगणात आहे तोवर मी येथे. ज्या दिवशी ते जाईल त्या दिवशी मी स्वतः घराला कुलूप लावीन. फरहानाने हे बोलणे शब्द म्हणून घेतले आणि पुढे आग्रह केला नाही. देशी गुलाब लवकर मरत नाही, असा त्या वेळी दोघांचाही समज होता.

आणि पोळा होऊन थोडेच दिवस झाले असतील, तोच झाडाने मान टाकण्यास आरंभ केला.

प्रथम कळ्या उमलेनाशा झाल्या. काही कळ्या अर्ध्या उघडून तशाच राहत व त्यांच्या पाकळ्यांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी दिसत. मग पाने पिवळी पडून वाऱ्याशिवाय गळू लागली. एका जुमेरातीला रुमालात मूठभर पाकळ्या जमल्या, पुढच्या जुमेरातीला चिमूटभर. हबीबभाईंनी शेणखत घातले, माती हलविली, पाणी वाढविले, पाणी तोडले. काही उपयोग झाला नाही.

समोरच्या घरात मारोतराव राहत. त्यांची शेती गावाबाहेर होती; कापूस, सोयाबीन आणि बांधाला तूर. मारोतरावांना हाक मारली, तेव्हा ते लुंगी खोचून लगबगीने आले आणि झाडाजवळ उकिडवे बसले. ज्या सराईतपणे ते शेतातील पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, तपासत, त्याच सराईतपणे त्यांनी गुलाब तपासला. पान उलटे केले, अंगठा फिरविला, उजेडाकडे धरले. शेंड्यावर हिरवा मावा दाटलेला होता, तो बोटाने चिरडून दाखविला. मग एक कळी खुडून, बोंड फोडावे तशी नखाने फोडली आणि तळहातावर झटकली. तळहातावर सुईच्या टोकाएवढे पिवळट फुलकिडे धावू लागले.

"पाहा, हबीबभाई," मारोतराव उजव्या कानाशी तोंड नेण्याऐवजी नुसताच आवाज चढवून म्हणाले, "हे तं आपल्या पऱ्हाटीवरचंच गणगोत हाय. मावा अन् फुलकिडे. रस पिऊन राह्यले झाडाचा. तुमी कायले एवढं तोंड पाडून बसले? दोन फवारे मारले की खलास."

त्यांच्या कोठारात हंगामातील उरलेल्या औषधाच्या बाटल्या होत्या. आमच्या भागात एकच औषध मारणारा शेतकरी अर्धवट समजला जातो; दोन-तीन औषधे एकत्र केल्याशिवाय फवारल्याचे समाधान होत नाही. मारोतरावांनी तशीच तीन औषधे एकत्र करून पंप भरून दिला. फवारणीने माणसे दगावल्याचे या जिल्ह्याने पाहिलेले असल्यामुळे हबीबभाईंनी तोंडाला दुपट्टा गुंडाळला, वाऱ्याकडे पाठ केली आणि सकाळच्या प्रहरी झाड निथळेपर्यंत भिजविले. आठवडाभर अंगणात उग्र दर्प राहिला. त्या आठवड्याची जी दोन फुले होती ती त्यांनी खुडली नाहीत. विषाची पाकळी अकीलाबींच्या उशाशी कशी ठेवावी, असे त्यांना वाटले.

मावा गेला. फुलकिडेही गेले. लाल पाठीवर काळे ठिपके असलेले जे ढालकिडे पूर्वी फांद्यांवरून फिरताना दिसत, तेही फरशीवर उताणे पडले; हबीबभाईंनी त्यांनाही कीडच समजून झाडून टाकले. परंतु झाड सावरले नाही. दुसरी फवारणी झाली. तिच्यानंतर तर दारावरची संपूर्ण कमान उघडी पडली, आणि नुसत्या काट्यांच्या फांद्यांतून आकाश दिसू लागले.

मारोतरावांनी पुन्हा पाने उलटली, मात्र उलटण्याजोगी पाने फारशी राहिली नव्हती. "कीड तं कुठंच नाही," ते उठत म्हणाले. "झाडाचंबी वय असते, हबीबभाई. पाहा ना बुड कसं खरबरीत झालं. आपले टाचे नाही काय फुटत?"

हबीबभाईंनी बुडाकडे पाहिले. खरेच, बुडावर आणि जाड फांद्यांवर राखाडी-तांबूस, खडबडीत साल चढलेली होती. म्हाताऱ्या झाडाची साल अशीच असावी. त्यांनी मान हलविली. या वेळी मात्र ती ऐकू न आल्यामुळे हलविलेली नव्हती.

फरहानाचा फोन दर रविवारी येई. फोन उजव्या कानाला घट्ट लावला की तिचे बोलणे स्पष्ट ऐकू येई, आणि म्हणून रविवार त्यांना आवडत असे. पूर्वी ती गमतीने विचारायची, की तुमचे झाड काय म्हणते. आता तिने विचारले आणि हबीबभाई उत्तर शोधू लागले. तिने तेवढ्यावरून जाणले. दिवाळीच्या सुट्या लागल्या की मी येते, एवढे म्हणून तिने विषय बदलला. फोन ठेवल्यावर हबीबभाईंनी घराकडे नजर फिरविली. भिंतीवरचे घड्याळ, पाण्याचा माठ, अकीलाबींची शिलाई मशीन. या वस्तू अमरावतीला फरहानाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात कोठे बसतील याचा त्यांना अंदाज येईना, आणि मग दर जुमेरातीला कबरीवर कोण जाईल, याचा तर मुळीच नाही.

एके सकाळी कमानीची एक फांदी खांबावरून सुटून खाली लोंबली. ती पुन्हा बांधावी म्हणून हबीबभाईंनी बाइंडिंगची तार आणली व फांदीभोवती वेढा देऊन पक्कडीने पिळली. तार सरकली आणि साल खरवडली गेली. जेथे साल निघाली, तेथे आतून स्वच्छ हिरवा पट्टा दिसला. आणि हबीबभाईंच्या अंगठ्याला ओलसर पिवळा डाग लागला.

ते थबकले. आयुष्यभर त्यांनी लोखंडाचा गंज खरवडला होता. गंज कोरडा निघतो, त्याचा भुगा होतो. गंजातून ओल येत नाही. सालीतूनही अशी पिवळी ओल येण्याचे कारण नव्हते. त्यांनी आतून चष्मा आणला, बेअरिंगवरचे चरे पाहण्याचे जुने भिंग आणले आणि फांदीवर नाक टेकेल इतके वाकून पाहिले.

ती साल नव्हतीच. मसुरीच्या टरफलाहून कितीतरी लहान अशी गोल गोल कवचे एकमेकांना चिकटून, एकावर एक चढून, फांदीच्या अंगावर बसलेली होती. हबीबभाईंनी सुईच्या टोकाने एक कवच उचलले. खाली एक मऊ, पिवळा जीव होता. त्याला पाय दिसत नव्हते, डोळे दिसत नव्हते. तो चालत नव्हता आणि पळतही नव्हता. तो फक्त तोंड खुपसून बसलेला होता. त्यांनी दुसरे कवच उचलले, तिसरे उचलले. बुडापासून कमानीपर्यंत, जेथे म्हणून त्यांना म्हातारपण दिसले होते, तेथे तेथे हेच होते.

त्यांनी फांदीचा तुकडा कापून पिशवीत गुंडाळला व बस स्टँडच्या रस्त्यावरील कृषी केंद्रात नेला. तेथे प्रेरणा नावाची, शेतकीचे शिक्षण घेतलेली मालकांची सून गल्ल्यावर बसत असे. तिने तुकडा पाहताक्षणी ही खवलेकीड असल्याचे सांगितले. संत्र्या-मोसंबीच्या बागायतदारांना ती माहीत असते, आणि जुन्या गुलाबांवरही येते. पिल्ले असताना ती थोडीशी रांगते. मग एकदा जागा धरली, की अंगावर कवच बांधून तेथेच राहते. कवचाखाली फवारा पोहोचत नाही. उलट जे ढालकिडे खवल्यांची पिल्ले खातात ते फवाऱ्याने मरतात, आणि मग खवल्यांना रान मोकळे मिळते. हबीबभाईंना अंगणातून झाडून टाकलेले ठिपक्यांचे किडे आठवले. त्यांनी खाली पाहिले.

ऐकू येण्यासाठी ते गल्ल्यावर वाकले होते, म्हणून प्रेरणाही उठून पुढे झाली आणि सावकाश बोलली. "चाचा, औषध मी तुम्हाले आता देतच नाही. ज्या फांद्या पूर्ण भरल्या त्या कापा अन् जाळून टाका, फेकू नका. राह्यलेलं खोड साबणाच्या पाण्यानं ब्रशनं घासा, दर दोन-चार दिवसांनी. नंतर निंबोळीचा अर्क. पन हे पाहा, झाड वाचनच असं मी नाही म्हणत."

किती कापावे लागेल, असे त्यांनी विचारले. प्रेरणाने बाहेर येऊन, जमिनीपासून गुडघ्याएवढी उंची हाताने दाखविली.

घरी आल्यावर त्यांनी तो तुकडा मारोतरावांपुढे ठेवला. मारोतरावांनी नखाने खवले काढून पाहिले. नंतर म्हणाले, "आमी पानं पलटवतो, बोंडं फोडतो. काडीकडे कोन पायते? पऱ्हाटीची काडी तं सालभरात उपटून चुलीतच जाते. जुनी काडी पाह्याची सवयच नाही राह्यली डोयाले." आणि थोड्या वेळाने, "चुकलंच माह्यं."

यावर हबीबभाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना राग आलेला नव्हता. राग येण्यासाठी पुष्कळ माणसे जवळ असावी लागतात.

फांद्या मारोतराव कापून देण्यास तयार होते, परंतु हबीबभाईंनी आरी त्यांच्या हाती दिली नाही. कमान कापण्यास त्यांनी दारापासून सुरुवात केली. या कमानीची प्रत्येक फांदी अकीलाबींनी कोवळी असताना सुतळीने वळविली होती. काही ठिकाणी ती सुतळी लाकडात रुतून बसलेली होती. कापलेल्या फांद्यांचा अंगणात ढीग झाला आणि त्यांनी तो तेथेच पेटविला. ओले लाकूड धुरकट जळले. एकाच बुडातून फुटलेली गुडघ्याएवढी दोन खोडे उरली, आणि दार इतके उघडे दिसू लागले, की रस्त्यावरून थेट आतली खाट दिसावी.

त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी ते खोडे घासत. तसराळ्यात साबणाचे पाणी, हातात दातांचा जुना ब्रश, डोळ्यांवर चष्मा. काट्याच्या बगलेत, जुन्या जखमेच्या वळणात एखादा खवला उरलेला असे. तो सुईने उचलायचा. बुडाशी मुंग्यांची ये-जा असली तर तीही पाहायची, कारण मुंगी जेथे जाते तेथे गोडसर रस असतो आणि रस असतो तेथे मावा असतो, हे त्यांना आता ठाऊक झाले होते. खोडे स्वच्छ, हिरवट दिसू लागली. परंतु ती फक्त स्वच्छ होती. त्यांच्यावर काहीही घडत नव्हते.

जुमेरात आली. हबीबभाई रिकाम्या हाताने कब्रस्तानात गेले. बाजारात गुलाब मिळतो, तो घेता आला असता. त्यांना तो घ्यावासा वाटला नाही. ते कबरीपाशी उभे राहिले, फातिहा पढले, आणि हातांचे काय करावे ते न कळून हात पाठीमागे बांधून परतले.

दिवाळीच्या सुट्यांत फरहाना आली. दारात पाऊल ठेवण्याआधीच तिला ती दोन खोडे दिसली. ती पिशवी हातातच धरून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आले. लहानपणी याच कमानीखाली तिची वेणी घातली जात असे. हबीबभाईंनी खवल्यांची सर्व हकीगत तिला सांगितली. तिने ती ऐकून घेतली. मग ती उजव्या बाजूला आली, वाकली, आणि हळू म्हणाली, "अब्बा, इसमें अब कुछ नहीं रहा. आपने ज़ुबान दी थी."

हबीबभाईंनी वाद घातला नाही. त्यांना स्वतःला तरी कोठे खात्री होती. शिवाय एक गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नसती: फरहाना त्या दोन दिवसांत घरभर बोलत होती. स्वयंपाक करताना बोलत होती, कपडे घडी करताना बोलत होती. शाळेतील मुख्याध्यापिकेच्या नकला करीत होती, आणि दर वेळी उजव्या बाजूला येऊन बोलत होती. इतके शब्द त्यांच्या कानात कित्येक महिन्यांत पडले नव्हते. त्यांच्या मनाचा एक भाग झाडाला केव्हाच सोडून पेटीत जाऊन बसला होता. कुलूप शोधले गेले, त्याला तेल दिले गेले. शिलाई मशीन मारोतरावांकडे ठेवायची ठरली.

निघण्याच्या दिवशी सकाळी, केवळ हाताला पडलेल्या सवयीने, हबीबभाई तसराळे घेऊन खोडांपाशी बसले. घासता घासता डावीकडील खोडावर, एका जुन्या वळणाखाली, त्यांना एक तांबडा ठिपका दिसला. तिळाएवढा. काल तो तेथे नव्हता. त्यांच्या मनात आले, की खवला पुन्हा आला. त्यांनी सुई घेतली आणि कवच उचलण्यासाठी तिचे टोक ठिपक्याच्या कडेला लावले.

टोक आत जाईना. खवला वरून चिकटलेला असतो, त्याच्याखाली सुई सहज शिरते; हा ठिपका खोडाच्या आतूनच आलेला होता. त्यांनी सुई दूर केली. हात गुडघ्यावर टेकवून त्यांनी भिंग धरले. ठिपक्याला टोक होते आणि त्या टोकावर घडीवर घडी असलेली तांबूस चमक होती. तो गुलाबाचा डोळा होता, नव्या फुटीचा अंकुर. आणखी थोडा जोर झाला असता, तर तो सुईबरोबर निघून आला असता.

हबीबभाई भिंग धरून तसेच बसून राहिले. आत फरहाना चादरींच्या घड्या घालीत होती. बसला अजून अवकाश होता. एवढेसे टोक तिच्या नजरेस आपण होऊन पडणे शक्य नव्हते. खोटे बोलण्याचीही गरज नव्हती. फक्त उठायचे, हात धुवायचे आणि पेटी उचलायची. मारोतरावांना पाणी घालण्यास सांगता आले असते. पुढे कोणत्याही रविवारी, अमरावतीच्या तिसऱ्या मजल्यावर, मुलीच्या आवाजाशेजारी बसून समजले असते, की झाड जगले. त्यांना जावेसे वाटत होते. त्यांना फार जावेसे वाटत होते.

त्यांनी फरहानाला हाक मारली.

ती हातातली चादर खांद्यावर टाकून आली. त्यांनी भिंग तिच्या हातात दिले व जागा दाखविली. ती वाकली आणि पुष्कळ वेळ वाकून राहिली. सरळ झाली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसूही होते आणि हरल्याचे भावही होते. "बताना ज़रूरी था, अब्बा?" तिने विचारले.

"ज़ुबान दी थी ना," हबीबभाई म्हणाले.

आत जाऊन तिने चादरी पुन्हा कपाटात ठेवल्या, पेटी पलंगाखाली सरकविली, आणि दोन वेळा पुरेल इतके वरण शिजवून ठेवले. दुपारच्या अगोदरच्या बसने ती एकटी गेली. मारोतराव कापूस-वेचणीचे गाठोडे घेऊन शेताकडे निघाले होते. बातमी ऐकून ते आत आले, डोळा पाहिला, आणि आता हे कवळे आहे तेव्हा याला मावा पहिला धरील, असे बजावून गेले. त्यांची पावले रस्त्यावर दूर गेली. वस्ती वेचणीला गेल्यामुळे चारी बाजूंना शांत होते.

ऊन अजून चटका देत होते. कमान नसल्यामुळे ते सरळ खोडावर येत होते. हबीबभाईंनी आतून स्टूल आणले आणि ते झाड व सूर्य यांच्या मध्ये ठेवून त्यावर बसले, जेणेकरून त्यांची सावली त्या तिळाएवढ्या टोकावर पडावी. सूर्य कलू लागला तशी सावली सरकली. तेव्हा त्यांनी स्टूल थोडे बाजूला घेतले, आणि पुन्हा बसले.